फसला तर डावीकडच्याला

जोएलच्या आईचा, धनीबाई मावशींचा, फोन आला तेव्हा मी शहाद्याला माझ्या दुकानात औषधांची खोकी लावत होतो. "नाताळ झाला की जुनं घर पाडतोय. जोएलच्या खोलीत तुमच्या खेळाची पत्र्याची पेटी आहे. माझ्यानं टाकवत नाही. तुम्हीच येऊन घेऊन जा," त्या म्हणाल्या.

काम एवढंच होतं. डिसेंबरचा शेवटचा रविवार ठरवून मी आणि कुंदन त्याच्या गाडीतून निघालो. नंदुरबारला चेतनाला घेतलं, विसरवाडीला चहा घेतला आणि चारच्या सुमारास नवापूरच्या अलीकडच्या त्या वस्तीत पोहोचलो. जोएलला जाऊन साडेचार वर्षं झाली होती. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आठ दिवसांत गेला. त्याच्या मातीला आम्हा तिघांपैकी एकही आलं नव्हतं.

कॉलेजात आम्ही चौघं एकत्र. जोएलला सुरतच्या एका भावानं कसल्याशा खेळाच्या पुस्तकाच्या झेरॉक्स दिल्या होत्या. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुंदन योद्धा, मी चोर, चेतना मंत्र जाणणारी वैदीण. गोष्ट अर्थातच जोएलची. तलवार लागली की नाही, मंत्र साधला की नाही, हे वीस बाजूंच्या फाशावर ठरायचं. तसला फासा शहाद्यात कुठून मिळणार? जोएलनं वीस चिंचोके घेतले, त्यांच्यावर रंगानं आकडे घातले आणि स्टीलच्या पेल्यात टाकले. डोळे मिटून एक काढायचा. एकचा चिंचोका आला की मंत्र फसला.

पुस्तकात लिहिलं होतं की फसलेला मंत्र वाया जातो. जोएलला ते पटेना. "मंत्र म्हणजे काय ओला फटाका आहे, फुस्स झाला आणि संपला? तोंडातून निघालेला शब्द कुठंतरी जातोच," तो म्हणायचा. म्हणून त्यानं आमच्यापुरते नियम केले. वहीच्या पहिल्याच पानावर त्याच्या तिरप्या अक्षरात ते होते. मंत्र फसला तर डावीकडे बसलेल्याला लागतो. ज्याला लागला त्याला नाही म्हणता येत नाही. म्हणणाऱ्याला तो मागे घेता येतो, पण जागा सोडायच्या आत. उठला की मंत्र कायमचा राहिला. शिवाय मंत्र शाळेतल्या मराठीत म्हणायचा. शिव्या अहिराणीत चालतील.

काय हसायचो आम्ही त्या नियमांवर! कुंदननं एकदा वैदिणीकडून उसना घेतलेला मंत्र राक्षसाला मुकं करायला टाकला, तो फसून मला लागला, आणि दुसऱ्या दिवशीचा तोंडी परीक्षेचा तास मी खरंच मुक्यानं काढला. सरांनी वर्गाबाहेर घालवलं. जोएल खिडकीतून अंगठा दाखवत होता.

शेवटच्या वर्षी परीक्षा आल्या आणि खेळ अर्ध्यावर थांबला. कुंदनचा योद्धा एका विहिरीच्या तळाशी जखमी होऊन पडलेला, तो तसाच राहिला. नंतर दर दिवाळीला जोएलचा फोन यायचा. "कुंदनला विहिरीतून काढायचंय, कधी बसताय?" आम्ही म्हणायचो, पुढच्या वर्षी नक्की.

मावशींनी खोली उघडून दिली. सुट्टीत ज्या चटईवर खेळायचो ती अजून तिथंच होती. बंद खोलीचा, उंदरांचा आणि जुन्या कागदांचा वास येत होता. खिडकीत कागदी चांदणी टांगलेली.

"जेवून जा. नागलीच्या भाकरी टाकते," मावशी म्हणाल्या आणि आत चुलीकडे गेल्या.

पेटी उघडली. पेला, चिंचोके, वही, सगळं जागच्या जागी होतं. वहीत पुढची पानं लिहून ठेवलेली. 'कुंदन विहिरीत. वरून पाण्याचा आवाज. चेतना काय करेल?' खाली जागा मोकळी.

कुंदननं त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "काढा ना भो माले भाईर. बारा वरीस व्हयनात."

आम्ही बसलो. न ठरवता आपापल्या जुन्या जागी बसलो. चेतनाच्या डावीकडची जागा जोएलची, ती मोकळी राहिली. मी वही वाचली. तेवढ्यात वीज गेली. सहाच वाजत होते, पण डोंगराच्या कुशीत अंधार लवकर पडतो. मावशींनी मेणबत्ती आणून दिली आणि त्या परत आत गेल्या.

चेतनानं डोळे मिटले. इतक्या वर्षांनी तिला शब्द पाठ होते.

"जो पडला आहे त्यानं उठावं. जो अंधारात आहे त्यानं आपल्या माणसांत यावं."

तिनं पेल्यात हात घातला, चिंचोका काढला आणि मेणबत्तीजवळ धरला.

एक.

कुंदन हसायला लागला. "फसना! डावीकडे..." आणि त्याचं हसू तिथंच थांबलं. आम्ही तिघंही मोकळ्या जागेकडे बघत होतो.

काहीच झालं नाही. निदान खोलीत तरी. बाहेर अंगणातली खडी वाजली. चपलांचा आवाज नव्हता, अनवाणी पाय ओढत कोणी चालावं तसा होता. तो घराच्या मागच्या बाजूला गेला. मागचं दार करकरलं. ओल्या मातीचा वास आला... खणलेल्या मातीचा.

मग आतून मावशींचा आवाज आला. त्यांच्या घरच्या बोलीत होता, आम्हाला शब्द कळले नाहीत. पण सूर कळला. उशिरा आलेल्याला आई दटावते तो सूर. ताटली ठेवल्याचा आवाज आला. पाण्याचा तांब्या. आणि मावशी हसल्या.

"कोनसंगे बोली ऱ्हायन्यात त्या?" कुंदन कुजबुजला. "फोनवर?"

मावशींचा फोन आमच्यासमोर खिडकीत होता.

चेतनाच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मी तिच्याकडे सरकलो. "मागे ली ले... जागा सोडाना पहिले मागे ली ले."

"मावशी हसी ऱ्हायन्यात रे..." ती म्हणाली. "साडेचार वरीसमा... कसं ली लेऊ?"

"त्यानाच नियम शे. उठनी की कायमना."

ती हलेना. मला तिची कीव येत होती आणि मी घामानं भिजलो होतो. कुंदन मात्र आतल्या दाराकडे तोंड करून गुडघ्यांवर बसला आणि बोलायला लागला.

"जोएल... आमी मातीले उनूत नही रे. रस्ता बंद व्हता असं सांगं मी सगळासले. रस्ता बंद नव्हता. माले भ्याव वाटनं. माफ कर भो."

मीही तेच म्हणालो. माझंही तेच होतं.

चुलीतलं लाकूड तडकलं. मग दारापलीकडून एक पुरुषी आवाज आला. हळू, जरासा घोगरा.

"बरं."

एकच शब्द. माझ्या अंगावरचं ओझं कोणी उचलून घ्यावं तसं झालं. कुंदन हमसून रडत होता. चेतनानं डोळे पुसले आणि डावा हात चटईवरच्या मोकळ्या जागेवर ठेवला. ठेवल्याबरोबर तिनं ओठ चावला. नंतर तिनं सांगितलं, ती जागा गरम होती, आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी.

"माझा शब्द मला परत," ती म्हणाली. "जा आता. नीट जा."

आतला मावशींचा आवाज वाक्याच्या मध्येच तुटला. मागचं दार पुन्हा करकरलं. वास गेला.

थोड्या वेळानं मावशी पदराला हात पुसत दारात आल्या. मेणबत्तीच्या उजेडात त्यांचा चेहरा शांत होता, नेहमीसारखा. मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांचा मुलगा आम्ही दुसऱ्यांदा घालवला होता.

"मावशी," चेतना कशीबशी म्हणाली, "जोएल जेवला का?"

मावशींनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं.

"जोएल? जोएल कुठला गं बाय? माझ्या जोएलवर मी या हातांनी माती टाकली." त्या खाली बसल्या. "हा दुसराच कोणी होता. दारात येऊन उभा राहिला, म्हणे मला बोलावलंय. या वस्तीतला नाही. पण बोली आमचीच, जुन्या माणसांची. बोलता बोलता हसवलं त्यानं मला. भुकेला होता, म्हणून वाढलं."

"मग... गेला?"

"गेला ना. अर्धी भाकर टाकून उठला." त्यांनी जळती वात बोटानं सरळ केली. "आत बसून तुमचं सगळं ऐकत होता. मला म्हणे, ती तिघं कुठून आली, नावं काय त्यांची, घरं कुठं."

"तुम्ही काय सांगितलं?"

"विचारलं तर सांगायला नको का?" मावशी म्हणाल्या. "सांगितली."