बोलका गळा

"काका, आता तासभर बोलायचं नाही. एक शब्दसुद्धा नाही," अनिशने बजावलं.

कमलाकरांच्या फुप्फुसावर डाग दिसला होता, म्हणून कॉव्हेंट्रीत हा स्कॅन. तिथला तंत्रज्ञ अनिश. त्याने नुकतंच त्यांना रेडिओॲक्टिव्ह साखरेचं इंजेक्शन दिलं होतं. जो स्नायू राबतो तो ही साखर ओढून घेतो. गप्पा मारल्या तर स्कॅनमध्ये गळाच उजळायचा.

"बाबा आणि गप्प?" निवेदिता दारातून म्हणाली. "अशक्य!"

"तुम्ही वेटिंग रूममध्ये बसा, प्लीज. मी बघतो त्यांच्याकडे."

स्कॅन संपला. अनिश हसू दाबत कमलाकरांना घेऊन बाहेर आला.

"काका, बोललात ना?"

"फक्त तुझं गाव विचारलं रे."

"आणि माझं लग्न झालंय का, तेही."

"बाबा!" निवेदिता लाजेने लाल झाली. तरी तोंडून निसटलंच, "मग... काय सांगितलंत?"

"पेशंटला बोलतं करायचं नसतं. मी नुसती मान हलवली."

"कशी?"

तिच्याकडे बघत त्याने ती पुन्हा हलवली. नाही.

मेडनहेडला परतताना कमलाकर मागच्या सीटवरून म्हणाले, "मुलगा चांगला आहे."

"तो तुमचा गळा बघत होता, बाबा."

"गळा माझा, पण नजर तुझ्याकडे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

औषधांचे दुष्परिणाम तपासणं हे निवेदिताचं रोजचं काम. औषध दिल्यावर काही विपरीत घडलं, की कारण कळायच्या आधीच कळवायचं, हा तिचा शिरस्ता. या वेळी माणूस तिच्या घरातला होता. तिने अनिशला फोन केला.

"बाबा गेले. इंजेक्शनचा बॅच नंबर हवाय."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"देतो... विचारायलाच हवं." नंबर सांगून तो हळूच म्हणाला, "जेवलीस का काही?"

तिला रडू आलं, ते तेव्हा.

पोस्टमॉर्टेममध्ये हृदयविकार निघाला. इंजेक्शनचा संबंध नव्हता. पण ते कळायच्या आधीपासूनच अनिश दर शनिवारी ट्रेनने मेडनहेडला यायला लागला होता. सोबत स्वतः केलेला डबा असायचा, आणि त्यात अर्धकच्चं राहिलेलं वांगं.

"हे शिजलेलं नाही."

"मग आपण नुसतं बघूया."

बाबा गेल्यावर ती पहिल्यांदा हसली, ती त्या वांग्यावर.

एका शनिवारी दोघं थेम्सच्या काठाने चालत होती. भुरभुर सुरू होती, छत्री एकच.

"मला केंब्रिजला जॉब मिळतोय," तो म्हणाला. "एक विचारू? मला बघून तुला तो दिवस आठवतो ना? त्यांना शेवटची सुई मीच टोचली. त्रास होत असेल तर सांग... मी येणार नाही."

"होतो त्रास."

त्याने मान डोलावली, छत्रीची मूठ तिच्या हातात दिली आणि पावसात एक पाऊल मागे सरकला.

"थांब रे! पूर्ण ऐक तरी." तिने त्याची ओली बाही धरली. "त्रास होतो... तरी मंगळवारपासून शनिवारची वाट बघते. आमच्याकडे हे कुणी कुणाला बोलून दाखवत नाही. बाबांनाही कधी म्हटलं नाही. कळतंच की, असं वाटायचं... आणि राहून गेलं."

तिने छत्री त्याच्या डोक्यावर धरली.

"अनिश, माझं प्रेम आहे तुझ्यावर."