पिल्लाची हाक

खरं सांगा, तुमच्यापैकी कुणी कधी पिल्लाचा आवाज काढून मांजरीला फसवलंय?

हसू नका. मी लहानपणी फसवायचो. जिन्याखाली बसून बारीक आवाजात म्याव केलं, की ती बिचारी तोंडातला उंदीर टाकून धावत यायची. मला वाटायचं, काय गंमत केली! आता नाही वाटत.

मघापासून तुमचा सहलीचा बेत ऐकतोय मी. उन्हाळ्यात पाणी आटलं की वाघ काठावर येतो, तेव्हाच जायचं. चपट्या तळाची होडी घ्यायची, भडक कपडे घालायचे नाहीत, पहाटेची फेरी चुकवायची नाही. सगळं बरोबर आहे. पण आपली धाकटी मघाशी म्हणाली, नावाड्याला आवाज काढायला लावू आणि वाघालाच बोलावून घेऊ. तेवढं एक यादीतून खोडा.

"का हो मामा? वाघ चिडतो?"

चिडला तर बरं. चिडलेल्या जनावरापासून लांब राहता येतं.

"झालं! मामांनी सुरू केलं. आता रात्रभर कुणी झोपत नाही."

नको तर नको सांगत. काय, ऐकायचंय? मग दिवा जरा बारीक कर, डोळ्यांवर येतोय. आणि मध्ये बोलू नका.

माझ्या वरच्या मजल्यावर एक जण राहायचा, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होता. आम्ही त्याला 'वेळापत्रक' म्हणायचो, कारण भाजी आणायला निघाला तरी तो कागदावर वेळ मांडून निघायचा. त्याला सात वर्षांची एक मुलगी. लहानखुरी आणि तिखट, म्हणून सगळे तिला मिरी म्हणायचे. पण ती तिखट होती आई असेपर्यंत. आई गेली आणि पोर बोलायचीच थांबली. रडली नाही, हट्ट केला नाही. वाढलेलं मुकाट्यानं खायची आणि खिडकीत जाऊन बसायची.

दहा महिन्यांत तिने बापाकडे एकच गोष्ट मागितली. "मला वाघ बघायचाय."

आई दवाखान्यात असताना दोघींनी मिळून एका वहीत सहलीचा बेत लिहिला होता. तुम्ही निघालाय त्याच लांबच्या दलदलीत जायचं आणि तो ठिपक्यांचा, बिबट्याहून थोराड वाघ बघायचा, पाण्यात माशासारखा पोहतो तो. मायलेकींनी होडीचं चित्र काढलं होतं आणि कोण कुठे बसणार तेही लिहिलं होतं. वेळापत्रकाने ती वही उघडली आणि कामाला लागला. रजा, गाडी, मुक्काम, लहान मापाचे गुडघ्यापर्यंतचे बूट, एकूण एक गोष्ट त्याने जमवली. शनिवारी पहाटे निघायचं ठरलं.

एकच गोष्ट त्याच्या हातात नव्हती. वाघ दिसलाच नाही तर?

मला म्हणाला, "आई शनिवारी घरी येईल, असं मी तिला सांगितलं होतं. येणार नाही, हे मला ठाऊक होतं. आता पुन्हा माझ्या तोंडून खोटं नको निघायला."

तर आदल्या रविवारी दुपारी तो एका म्हाताऱ्या नावाड्याकडे गेला. म्हाताऱ्याचं उभं आयुष्य त्याच दलदलीत होडी चालवण्यात गेलेलं. आता थकला होता, आमच्या गावाच्या टोकाला मुलाकडे राहत होता.

"आजोबा, पोरीला वाघ दिसलाच पाहिजे. काहीतरी युक्ती सांगा."

"वाघ नाही दिसला तर मगर दिसेल. मगर काय वाईट असते?"

"मगर नको. वाघच."

म्हाताऱ्याने दार लोटून घेतलं. मग खाटेखालून जुन्या सदऱ्यात गुंडाळलेला एक वाळका भोपळा काढला. भोपळ्याच्या तोंडावर कातडं ताणून बसवलेलं, आणि कातड्याच्या मधोमध ओवलेली, मेण चोळलेली दोरी. ओल्या बोटांनी दोरी ओढली की आतून आवाज निघायचा.

"हा नराचा आवाज नाही," म्हातारा म्हणाला. "पिल्लाचा आहे. चुकलेल्या पिल्लाचा. तरुणपणी मी शिकाऱ्यांची होडी चालवायचो. याच आवाजावर एक मादी आली. सरळ पोहत आली, कान उभे. बंदुकीकडे तिने बघितलंसुद्धा नाही. ती पडली, आणि मग मागच्या लव्हाळ्यात तिची खरी पिल्लं ओरडायला लागली. दोन होती. दोन दिवस आम्हाला ऐकू येत होती. तिसऱ्या दिवशी..."

वेळापत्रकाने भोपळ्यावर हात फिरवला आणि विचारलं, "हे कातडं कसलं?"

"आधीचं फाटलं होतं. मग त्या शिकारीनंतर नवीन बसवलं."

म्हाताऱ्याने त्याचा हात कातड्यावरून काढला. म्हणाला, "वाजवायचं तर पाण्यावर. घरात वाजवायचं नाही. आणि उत्तर आलं की गप्प बसायचं. पिल्लू परत बोललं, की आईला घर कळतं."

मग त्याने सहज विचारलं, "मुलीची आईही येणार असेल ना?"

"ती नाही. गेली."

म्हाताऱ्याने भोपळा पुन्हा सदऱ्यात गुंडाळला. "मग मी देत नाही. जा तू."

तो फाटकापर्यंत पोचला असेल-नसेल, तेवढ्यात म्हाताऱ्याची सून मागून धावत आली. तिच्या हातात पिशवी. "घेऊन जा हो भाऊ. ही ब्याद घरात आहे म्हणून आमच्याकडे एक मांजर टिकत नाही. उंदीर नुसते नाचतात!"

आणि त्याने भोपळा घेतला.

सोमवारी संध्याकाळी त्याचा सराव सुरू झाला. माझ्या डोक्यावर नुसती घरघर! मी खालून ओरडलो, "अहो पाणीपुरवठा, नळ बिघडला का?" मग मला मिरीचा आवाज ऐकू आला. "असं नाही, बाबा. द्या इकडे."

तिने दोरी ओढली.

काय सांगू तुम्हाला. माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. तो आवाज कानात गेलाच नाही, पोटात गेला. अंधारात कुणीतरी एकटं पडलंय आणि बोलावतंय... तसा. आणि त्यानंतर मिरी हसली. खळखळून हसली.

पाचच मिनिटांत बाप माझ्या दारात उभा, डोळे भरलेले. "हसली हो ती. ऐकलंत ना?" मग जरा घुटमळून म्हणाला, "घरात वाजवू नका असं तो म्हातारा म्हणाला होता..."

मी म्हणालो, "म्हातारे काहीही सांगतात. वाजवू दे पोरीला."

हे मीच म्हणालो. बाकीचं सगळं मला ठाऊक नव्हतं हे खरं, पण म्हणालो मीच.

मंगळवारी रात्री नऊ वाजता उत्तर आलं.

लांबून, ओढ्यापलीकडून. ओल्या लाकडावर करवत चालवावी तसा आवाज. दोनदा आला आणि बंद झाला. मी मनाला समजावलं, लाकडाची वखार असेल. रात्री नऊला कुठली वखार चालू असते? पण माणूस समजावतो मनाला. वर मिरीने पुन्हा दोरी ओढली. एकदाच.

बुधवारी तोच आवाज आमच्या इमारतीमागून आला. गल्लीतली चारही कुत्री जिना चढून माझ्या दाराला अंग चिकटवून बसली होती. भुंकत नव्हती. मी दार उघडलं तर सरळ आत शिरली आणि पलंगाखाली गेली, ती दुसऱ्या दिवशीही तिथून हलली नाहीत.

गुरुवारी सकाळी बापाने भोपळा कचेरीत नेला आणि कपाटात कुलूप लावून ठेवला. संध्याकाळी येऊन त्याने मला म्हाताऱ्याची सगळी हकीगत सांगितली. मी उठून दार लावून घेतलं.

"दोन रात्री," तो म्हणाला. "शनिवारी पहाटे आम्ही निघतो. एवढ्या दोन रात्री निभावल्या की झालं."

"अरे, पण निघून जाणार कुठे? तिकडेच ना?"

तो उठून वर गेला.

"मामा... राहू दे आता. उरलेलं उद्या सांगा."

आता थांबून काय उपयोग? ऐक.

त्याच गुरुवारची रात्र. म्हणजे घड्याळाप्रमाणे शुक्रवार लागला होता. दोन वाजून दहा मिनिटं. वारा नव्हता. मी जागाच होतो.

वरून हाक आली.

भोपळा तर कचेरीत होता. ही हाक गळ्यातून आली होती. मिरीच्या गळ्यातून. हुबेहूब.

मी श्वास धरून पडलो. उत्तर आलं. ओढ्यापलीकडून नाही. मागच्या अंगणातूनही नाही.

जिन्यावरून.

माझ्या दारासमोरून काहीतरी वर गेलं. पावलं वाजली नाहीत. फक्त कठडा थरथरला. दाराखालच्या फटीतून वास आला. चिखलाचा. कुजलेल्या पाल्याचा. साचलेल्या पाण्याचा. पलंगाखाली कुत्र्यांनी माना जमिनीला टेकवल्या.

मग माझ्या छतावर... जड. मऊ. एक... दोन... तीन... चार. थांबलं. पुन्हा चार. बाहेरच्या दारापासून आतल्या खोलीपर्यंत.

मी उठलो नाही. खोटं कशाला सांगू? उठलो नाही.

पुढचं मिरीच्या बापाने सांगितलेलं. तो बाहेरच्या खोलीत उभा होता. दाराला वरची कडी, खालची कडी. दोन्ही लावलेल्या. दोन्ही तशाच राहिल्या. दिसलं काहीच नाही. फक्त त्याच्या पायजम्याची एक बाजू ओली झाली. मांडीपासून खाली. कुणीतरी अंग घासून पुढे गेल्यासारखी.

तो मिरीच्या खोलीकडे धावला. दार लोटलेलं होतं. त्याने ढकललं. हलेना. आतून कुणीतरी रेलून बसलं असावं, असं. खांदा लावला. हलेना.

आतून आवाज येत होता. खस्स... खस्स... सावकाश. न थांबता. आणि त्याच्याखाली एक घुमारा. मोठं इंजिन मंद चालावं तसा. दार थरथरत होतं त्याने.

"मिरी," तो म्हणाला. "मिरी, बाळा... इकडे ये."

आतून मिरी काहीतरी बोलली. एकच शब्द. झोपेतल्यासारखा.

तो शब्द कोणता, ते त्याने मला कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

मग तो दाराबाहेर जमिनीवर बसला. "घेऊन जाऊ नकोस," एवढंच म्हणत राहिला. कुणाला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. खस्स... खस्स... चालूच होतं.

साडेचारला आवाज थांबला. दार आपोआप सैल झालं.

मिरी पलंगावर होती. गाढ झोपेत. खिडकीचे गज जागच्या जागी. खोलीत दुसरं कुणी नाही.

त्याने मला हाक मारली तेव्हा मी वर गेलो. दिवा धरून आम्ही दोघांनी बघितलं. पोरीचे केस ओले होते. कपाळापासून मागे, सगळेच्या सगळे एका बाजूला बसवलेले, बट न् बट चापून. हात लावला तर चिकट लागले. त्यांना तोच वास येत होता. आणि तिचा उजवा गाल लाल झाला होता, खरखरीत कशानेतरी कितीतरी वेळ घासावा तसा.

सकाळी सात वाजता बापाने फोन करून सहल रद्द केली, बादलीत गरम पाणी काढलं आणि साबण घेऊन मिरीला हाक मारली. मिरी आली, त्याच्याकडे बघून छान हसली, पण केसांना पाणी लावू दिलं नाही.