उंबराची मेढ

आचलच्या लग्नाच्या मांडवाला उंबराची मुहूर्तमेढ हवी होती. रोहणा गावातला उंबर रस्ता रुंद करताना गेला, म्हणून तिचा बाप डोमाजी सकाळीच कुऱ्हाड घेऊन डोंगराकडे निघाला. बायको वारली होती, त्यामुळे पूजेला त्याला बसता येणार नव्हतं. ती मोठा भाऊ आणि वहिनी करणार. मेढ आणणं, एवढंच त्याच्या हातात उरलं होतं. सोबत सोनबा होता, जंगलकामावरचा जुना दोस्त.

आटलेल्या नाल्यातून, तापलेल्या दगडांवरून ते बरेच आत गेले. वळणावर उंबर दिसला. बुंध्यापासून फांद्यांपर्यंत लाल फळं लगडलेली, खाली सडा पडलेला. पण माकड नाही, पाखरू नाही. सोनबा थबकला.

"काऊन थांबला?"

"उंबर पिकला अन् खायले कोनीच नाई? मले बरं नाई वाटून राह्यलं, भाऊ."

डोमाजीनेही आजूबाजूला पाहिलं. पण रिकाम्या हाताने परतायचं कसं? रीतीप्रमाणे त्याने चपला काढल्या, बुंध्याला हळदकुंकू लावलं, गुळाचा खडा ठेवला आणि झाडाला लग्नाचं आवतण दिलं.

"झाडाले आवतन देऊन राह्यला का अस्वलाले?" सोनबा पुटपुटला.

डोमाजी वर चढला. घाव पडू लागले. पांढरा चीक हातावर ओघळला. फांदी निम्मी तुटली, तोच खालून दबका आवाज आला.

"भाऊ, हालू नोको!"

अस्वल! कपारीतून काळं धूड घुरघुरत बाहेर आलं. सोनबा दगडाआड दबला. अस्वलाने गूळ चाटला, बुंधा हुंगला, मान वर केली. डोमाजीच्या चिकट हातातून कुऱ्हाड निसटली आणि खडकावर खणकली! अस्वल चवताळलं. बुंध्यात नखं रोवून वर सरकू लागलं. त्याच्या श्वासाचा उग्र वास डोमाजीच्या नाकात शिरला.

"फांदी टाक!" सोनबा किंचाळला. "फळं हायेत तिले!"

मेढ टाकायची? त्याची मूठ सुटेना. नखांची खरखर पायांशी आली. मग सगळा भार देऊन त्याने फांदी पिळली. कडाड! फांदी अस्वलाला घेऊनच खाली गेली. ते गुरगुरलं, उठलं आणि फळांवर तुटून पडलं. डोमाजीने पलीकडून उडी टाकली. दोघे पळाले. काट्यांतून, अनवाणी, मागे न बघता!

अंगणात कौशल्यावहिनी उभी होती. "मेढ कुठं हाय, भाऊजी?"

डोमाजी ओट्यावर टेकला. सोनबानेच सगळं सांगितलं. कौशल्यावहिनी मटकन खाली बसली. आचल बापाच्या पायांतले काटे काढू लागली.

"उंबर नाई तं नाई," ती म्हणाली. "बांबूची उभी करू. पन तुमच्याच हातानं, बाबा."

"माह्या हातानं रोवाची रीत नाई, पोरी," डोमाजी म्हणाला.

सगळे वहिनीकडे बघू लागले. ती उठली, आत गेली आणि हळदीची वाटी आणून तिने दिराच्या हातात दिली.

डोमाजीने बांबूला हळद लावली. बांबू खड्ड्यात नीट बसेना. आचलने तो दुसऱ्या बाजूने घट्ट धरून ठेवला.