कमळांचा हौद

"या घरातून पुन्हा कुणीही तापाच्या वॉर्डात जाणार नाही!" मामंजींनी ताट पुढे सरकवलं. "एकदा एकीनं तो रोग घरात आणला आणि घरची लक्ष्मी गेली... तेवढं पुरे!"

वहिनीनं मान खाली घातली. ती 'एक' म्हणजे तीच होती!

"बाबा, या साथीनं आमचा अख्खा वर्ग बदललाय," धाकटा दीर कळवळून म्हणाला. तो डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होता. "आधी संसर्गरोग म्हटलं की पोरं नाकं मुरडायची. हृदय घ्या, त्वचा घ्या, काहीच नाही मिळालं तर हे! आता निम्म्या वर्गाला हेच शिकायचंय."

"निम्मा वर्ग विहिरीत उडी घेईल, तू घेशील?"

"पोहायला शिकवणारा असेल तर घेईन की!"

एवढ्या ताणातही वहिनीला हसू फुटलं, आणि मन मागे मागे गेलं... काय दिवस होते ते! नवी नवरी असताना ती तापाच्या वॉर्डातल्या नर्सच्या नोकरीवरून दमून यायची, तेव्हा सासूबाई न्हाणीघरात कढत पाणी काढून ठेवायच्या आणि बंद दाराबाहेर पाटावर बसून विचारायच्या, "आज कितीजण बरे होऊन घरी गेले गं?" आईच्या मायेनं विचारायच्या! त्या गेल्या, नोकरी सुटली, आणि तेव्हा पाच वर्षांचा असलेला हा दीर तिच्या कुशीत आला. बऱ्या झालेल्या रोग्यांच्या गोष्टी ऐकल्याशिवाय त्याला झोप म्हणून लागत नसे.

"तूच, सूनबाई, तूच हे त्याच्या डोक्यात भरवलंस!" मामंजींचा आवाज चिरकला. "विसरलीस? हाडं मोडल्यासारखी कण्हत होती ती... डोळ्यांमागे कळा, अंगभर लाल पुरळ, हिरड्यांतून रक्त..."

"बाबा!" दीर ताडकन उठला. "अहो, हा तर डेंगी! तो शिवल्यानं होत नाही. डासांनी होतो. वहिनीनं आणलाच नव्हता!"

वहिनी चटकन पुढे आली. परमेश्वरा, हेच तर तिला नको होतं!

"डास?" मामंजी पुटपुटले. "आपल्याकडे कुठले डास?"

"मागच्या गटारातले, मामंजी," ती घाईघाईनं म्हणाली. "तेव्हा उघडंच होतं की ते!"

"गटारात नाही गं वहिनी, ते डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात..." दीर बोलता बोलता थबकला. तिच्या डोळ्यांतली विनवणी त्यानं पाहिली, पण शब्द निसटून गेला होता.

मामंजी खिडकीकडे वळले. मागच्या अंगणात, जिथे आता नुसती माती होती, तिथे त्यांनी स्वतःच्या हातांनी हौद बांधला होता... पत्नीला कमळं आवडायची म्हणून! ती गेल्यावर सुनेनं एकटीनं घमेली वाहून तो बुजवला, तेव्हा "तिची आठवणही पुरलीस!" म्हणून ते तिच्यावर कडाडले होते.

"तुला... ठाऊक होतं?"

तिनं पदर तोंडाला लावला.

"बोल, पोरी!"

"डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितलं होतं, मामंजी. पण तुम्ही स्मशानातून नुकतेच आला होता... तुमच्या मायेनंच घात केला हे मी कुठल्या तोंडानं सांगणार होते? मला दोष दिल्यावर निदान तुम्ही दोन घास तरी खात होता!"

"आणि मी तुला इतकी वर्षं जाळत राहिलो!" म्हातारा भिंतीला टेकून खाली बसला. मग त्यानं मुलाकडे पाहिलं. "जा बाबा, शीक. असल्या अज्ञानात कुणाचं घर जळू नये. पण आधी हिच्या पायांवर डोकं ठेव."

दीर वाकायला गेला, तर वहिनीनं त्याला वरच्यावर धरलं. तिचा हुंदका मात्र काही केल्या आवरेना.

"त्या दिवशी तू रडली नाहीस," मामंजी म्हणाले. "मी म्हटलं, दगडाची आहे."

"मी रडले असते, तर कोण म्हणालं असतं, खरं रडतेय?... माझी आई गेली होती, मामंजी! मला तिच्यासाठी रडताही आलं नाही!"

त्यांचा हात तिच्या डोक्यावर आला.

"रड, बाळ," ते म्हणाले. "आता रड."