मैलारगडाचं तिसरं वळण

"रस्ता बंद! दरड कोसळली! मैलारगड रद्द!"

गाईड आनंदअण्णांनी हे इतक्या खुशीत जाहीर केलं, की भैरवीच्या अंगाचा तिळपापड झाला.

दिवाळीच्या सुट्टीतली शाळेची सहल बेळगावहून निघून, काकती-संकेश्वर उरकून निपाणीच्या अलीकडे चहाला थांबली होती. राहिला होता तो गड, आणि भैरवी आली होती ती गडासाठीच! आठवडाभर जुनी पुस्तकं धुंडाळून तिनं गडाचा नकाशा काढला होता. त्यात दाखवलेल्या चोरदरवाजावर सुनंदा टीचरांनी तांबडं प्रश्नचिन्ह मारलं होतं. "मनाचं काहीतरी काढू नकोस," म्हणाल्या होत्या. सगळा वर्ग फिदीफिदी हसला होता. आज तो दरवाजा टीचरांना दाखवायचाच, असं तिनं ठरवलं होतं.

इतक्यात समोर एक टेम्पो थांबला. माणसं चहाला उतरली. तिच्या वर्गातल्या ओमकारचा भज्याचा घास हातातच राहिला.

"भैरवी, कपाळं बघ गं!"

सगळ्यांच्या कपाळावर पिवळाधमक भंडारा! आज रविवार, म्हणजे मैलाराचा, आपल्या खंडोबाचा वार. गडावरच्या देवळात गेलेला माणूस भंडारा लावल्याशिवाय खाली उतरत नाही, हे इकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

भैरवी तडक एका म्हाताऱ्यापाशी गेली. "आप्पा, गडावरनं चालत आलासा?"

"चालत कशाला? टेम्पो पार पायरीपतूर गेलता की!"

तिनं ओमकारला डोळा मारला. ओमकार भोळा चेहरा करून सगळ्यांदेखत ओरडला, "अण्णा, दरड नेमकी कुठं कोसळली?"

"तिसऱ्या वळणावर! लई मोठी!"

म्हातारा खो खो हसायला लागला. "तिसरं वळण? गडाला दोनच वळणं हाईत, पाव्हणं!"

आनंदअण्णांचा चेहरा खर्रकन उतरला.

"भैरवी, आत ये! उशीर होतोय," टीचर बसच्या दारातून वैतागल्या.

"नाही येणार! गडावर जाणार असाल तरच बसमध्ये पाय ठेवेन!"

ती बसच्या पुढ्यात फतकल मारून बसली. तिच्या शेजारी ओमकार, मग तेजस्वी, मग अख्खा वर्ग! ड्रायव्हर भरमूअण्णांनी इंजिन बंद केलं. "दरड हाय म्हणून मलाबी सांगितलं ह्येनं! खरं सांग रं आनंद!"

"बोरगावात चारला कबड्डीची फायनल हाय," आनंदअण्णा पुटपुटले. "भाऊ खेळतोय माझा. आन् गडावर मी कधी गेलोच न्हाय."

पंधरा मिनिटांत बस पायरीशी होती!

नकाशात चोरदरवाजा दाखवला होता त्या पश्चिम बुरुजाखाली मात्र नुसती भिंत! कुणीतरी हसलंसुद्धा. "हसा खुशाल! मी शोधणारच!" म्हणत ती भिंतीला हात लावत पुढे निघाली. काटे टोचले, ओढणी फाटली. वीस-पंचवीस पावलांवर करवंदीची जाळी लागली. पोरांनी काठ्यांनी ती बाजूला केली, आणि मागे कमरेएवढा दगडी दरवाजा दिसला!

"सापडला! जागा थोडी चुकली माझी, पण आहे!" भैरवी किंचाळली.

टीचर वाकून बघतच राहिल्या. "चुकलं माझंच, भैरवी. मी न बघताच तांबडी शाई चालवली. शाबास!"

"बाई, ही पोरगी मोठ्यांना लई उलट बोलती हां!" मागून आनंदअण्णा कुरकुरले.

"बोलू दे," टीचर म्हणाल्या. "खरं तेच बोलतेय."

भैरवीनं ओढणी कमरेला खोचली, आणि मान वाकवून सगळ्यांच्या आधी ती आत शिरली.