वासाचं तेल

"ही कॉइल इथे कोणी लावली?" सासऱ्यांनी विचारलं तेव्हा त्यांच्या तळहातावर राखेची वेटोळी होती. त्यांच्यामागे कोळंबीची पैदास करायच्या घरच्या हॅचरीत टाक्यांच्या तळाशी पिल्लं, कालपर्यंत उजेड दिसला की झुंबड करून वर येणारी, निपचित पडली होती. हवेच्या पंपाशेजारी डासांची कॉइल जळत राहिली, पंपाने तो धूर ओढून नळ्यांतून टाक्यांत सोडला, आणि त्यातलं विष त्या इवल्या जिवांना सोसवलं नाही...

थोरल्या सुनेने धाकटीकडे पाहिलं. नुकतीच लग्न होऊन आलेली ती पोर पांढरीफटक पडली होती. पंपाजवळ रात्रपाळीला बसणाऱ्या नवऱ्याला डास फोडून काढतात, एवढंच तिला दिसलं होतं. मायेपोटी केलं बिचारीने. पण नव्या सुनेला पांढऱ्या पायाची म्हणायला चारजण टपलेलेच असतात, आणि एकदा तसं म्हटलं की ते जन्मभर पुसलं जात नाही.

"मी लावली," थोरली म्हणाली.

सासऱ्यांनी हात पुढे केला. तिने कमरेची हॅचरीची किल्ली काढून त्यावर ठेवली.

"यापुढे टाक्यांकडे फिरकू नकोस."

सासरे दुष्ट नव्हते, पण त्यांचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असायचा आणि विचार मागून, धापा टाकत यायचा. थोरली स्वयंपाकघरात राबू लागली. पंपाची घरघर भिंतीपलीकडून ऐकू यायची आणि हातातली पोळी तव्यावर करपायची. टाकीतलं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन, उजेडासमोर धरून पिल्लांची धडपड न्याहाळायची, हेच तिचं सुख होतं. तेच तिने देऊन टाकलं होतं, आणि त्याबद्दल कुणाशी चकार शब्द काढला नव्हता.

धाकटीला मात्र घास गोड लागेना. एका संध्याकाळी ती तेलाची बाटली घेऊन थोरलीच्या मागे बसली. ते केस झाडूसारखे कोरडे होते! वासाचं तेल, पावडर, अत्तर, यातलं काही अंगाला लागलं असेल तर टाकीत हात घालायचा नाही, हा हॅचरीचा नेम होता, आणि थोरलीने तो पहिल्या दिवसापासून पाळला होता. "आता तरी लावू द्या, ताई," धाकटी म्हणाली, आणि तेलाबरोबर तिचे अश्रूही त्या केसांत जिरले.

जेवताना थोरली वाढायला वाकली तसा सासऱ्यांचा हात थबकला.

"हा वास कसला?"

"तेलाचा. ताईंना मी लावलं आज."

त्यांनी घास परत ताटात ठेवला. इतक्या वर्षांत या सुनेच्या केसांना वास असा कधी आलाच नव्हता... पिल्लांच्या जिवाला जपून जिने साधं तेल लावलं नाही, ती पंपाशी कॉइल पेटवेल?

"आणि मी ते खरं मानलं," ते पुटपुटले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बाबा, ती मी..." धाकटी सांगू लागली. थोरलीने तिचं मनगट घट्ट धरलं.

सासरे उठले, किल्ली घेऊन आले आणि थोरलीच्या हातात देऊन तिच्या मुठीवर आपला हात ठेवला.

"सकाळी नवी पिल्लं सोडायचीत. केस धुऊन ये, पोरी. आणि येताना धाकटीलाही आण. टाक्यांत हवा कुठून येते, ते दाखव तिला."

धाकटीने पाणी तापवलं, आणि ताईच्या केसांतलं तेल आपल्याच हातांनी धुऊन काढलं.