मुक्याने खुडलेला पाला

सुभद्रा पाला खुडून बांधाबांधाने घरी निघाली होती, तेव्हा मागून हाक आली.

"अक्का, राजेश्वर गावाला हीच वाट जाती का?"

ती बोलली नाही. जखमेचा पाला खुडला की पाट्यावर वाटून होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, नाहीतर गुण जातो, अशी तिच्या घरची रीत. तिने नुसती हनुवटीने वाट दाखवली. त्या तरुणाला वाटलं, बिचारी मुकी आहे. मग तोही तोंड मिटून, हातवारे करत मागून चालू लागला. भाद्रपदाचं आभाळ ओल्या वाकळेसारखं लोंबत होतं... तरी तिला पदरात तोंड लपवून हसावं लागलं.

घरी पाला वाटून झाल्यावर ती म्हणाली, "मुकी न्हाई मी. अन् तुमची अक्काबी न्हाई."

त्याचे कान लाल झाले.

तो व्यंकट. कमलनगरचा, गुलबर्ग्याला औषधांचं शिकणारा. सुभद्राच्या आईच्या, नागूबाईच्या पाल्याचं नाव ऐकून आला होता. अर्क काढून जंतूंवर तपासायचा होता.

"तपास की बाबा," नागूबाई म्हणाली. "गावाला गुण येतो, तुझ्या काचेला न्हाई यायचा?"

पण तिच्याच पायाची जखम उन्हाळ्यापासून चिघळत होती. साखरेचा आजार. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायची, "औषध देनारीच दवाखान्यात गेली, तर माझ्या दारात कोन यील?" व्यंकटने पाल्याबरोबर त्या जखमेतला पूही कापसावर घेऊन नेला.

मग तो येतच राहिला. पाला खुडायला तिच्यासंगं जायचा, आणि तिला बोलता येत नाही म्हणून परतीची सगळी वाट आपणच बोलायचा.

"चांगली दिसायलीस म्हनलं तर न्हाई म्हनत न्हाईस. म्हंजे तुला पटायलंय."

ती ढेकूळ उचलून मारायची. तेवढी मुभा होती.

एका करड्या संध्याकाळी मात्र तो गप्प गप्प चालला. तिने भुवया उंचावल्या — काय झालं?

"बशीत जंतू वाढवून त्यावर अर्क घातला," तो खाली बघत म्हणाला. "साध्या जखमेचे मेले, सुभद्रा. आईच्या पायातले... तसेच वाढायलेत. फिरून फिरून बघितलं. आता उशीर केला तर..."

सुभद्रा काळ्या चिखलात उभी राहिली. पदराच्या ओट्यातला पाला एकाएकी जड झाला होता.

"हुमनाबादला जायला जीप मिळंल का आता?" तिने विचारलं, आणि ओटा बांधावर रिकामा केला.

घरी नागूबाईने तिच्या रिकाम्या ओट्याकडे पाहिलं.

"पाला कुठंय?"

"टाकला. वाटंवर बोलले मी."

आईने लुगडं सावरलं आणि दारात आलेल्या जीपमध्ये बसायला हात पुढे केला.

हुमनाबादहून पुढे पाठवलं. गुलबर्ग्याच्या दवाखान्यात पायाची बोटं काढावी लागली, पाय राहिला. नागूबाई भिंतीकडे तोंड करून निजली. "त्या पोराला आत येऊ दिऊ नको," एवढंच म्हणाली.

व्यंकट बाहेर व्हरांड्यात होता. पत्र्यावर पाऊस एकसुरी वाजत होता. सुभद्रा शेजारी येऊन बसली — मधे हातभर जागा सोडून.

"अर्काला गुण आला असं सांगितलं असतं, तर आईनं तुमाला डोक्यावर घेतलं असतं. जावई..." तिने जीभ चावली.

"म्हनूनच न्हाई सांगितलं."

"म्हंजे?"

"खोटं बोलून तुला मागायचं नव्हतं मला."

ती खाली बघत पदराचं टोक पिळत राहिली. आतून नागूबाईचं कण्हणं ऐकू आलं आणि थांबलं.

"मागनार व्हता?"

"व्हय."

"मागा मग. पर आज न्हाई. आज ती तुमचं तोंड बघनार न्हाई."

"उद्या?"

"उद्याबी न्हाई."

"मग मी काय करू?"

सुभद्राने मधली हातभर जागा हळूच अर्धी केली.

"रोज येत ऱ्हावा," ती म्हणाली.